भिंतींत उतरलेली शिकवण
व्हिक्टोरियन काळातील चर्चशाळांच्या इमारतींविषयी प्रस्तावना

ब्रिटिश संसदेने आपल्या देशातल्या गोरगरिबांच्या शिक्षणासाठी पहिल्यांदा पैसा मंजूर केला तो १८३३ साली. रक्कम वीस हजार पौंडांची होती, आणि ती शिक्षकांच्या पगारासाठी किंवा पुस्तकांसाठी नसून शाळांच्या इमारती बांधण्यासाठी होती. अट अशी की, खर्चाचा निम्मा वाटा गावाने वर्गणीतून उभा करावा आणि मगच उरलेल्यासाठी सरकारकडे हात पसरावा. याच संसदेने त्याआधी वीस वर्षे, १८१३ च्या सनदी कायद्यात, हिंदुस्थानातील शिक्षणासाठी वर्षाला किमान एक लाख रुपये बाजूला काढण्याचे बंधन कंपनी सरकारवर घातले होते. घरच्या मुलांसाठी तिजोरी उघडायला तिला आणखी दोन दशके लागली, आणि उघडली तेव्हाही पैसा गेला तो विटा-दगडांसाठी.

हा क्रम उलटा वाटतो, पण त्याला कारण होते. संसदेत चर्च ऑफ इंग्लंडचे अभिमानी बसत होते, तसे त्या चर्चबाहेरच्या प्रॉटेस्टंट पंथांचे कैवारीही बसत होते. मुलांना धर्म कोणी शिकवायचा, कोणती प्रश्नोत्तरी पाठ करून घ्यायची, यावर त्यांचे जमणे शक्य नव्हते. मुलांच्या डोक्यावर छप्पर हवे, एवढ्यावर मात्र दुमत नव्हते. त्यामुळे सरकारने इमारतीला पैसा दिला आणि शिकवणे चर्चच्या व पंथांच्या हाती ठेवले. व्हिक्टोरिया राणी १८३७ मध्ये गादीवर आली तेव्हा ही व्यवस्था रुळू लागली होती. १९०१ मध्ये तिचे निधन झाले तोवर इंग्लंडच्या असंख्य खेड्यांत आणि गिरण्यांच्या गावांत चर्चच्या शेजारी एक शाळा उभी राहिली होती: उभट उतरते छप्पर, टोकदार कमानींच्या खिडक्या, वर छोटी घंटा आणि दोन बाजूंना दोन दारे. या इमारतींची ओळख मराठी वाचकाला करून द्यावी, त्या कशा बांधल्या गेल्या, कोणासाठी आणि कोणत्या हेतूने, हे सांगावे, यासाठी हे पुस्तक आहे.

वास्तुकलेचा अभ्यासक या इमारतींकडे पाहतो तेव्हा त्याला शैली दिसते: कमान कोणत्या शतकाच्या धाटणीची, वास्तुकार कोण, दगड कुठल्या खाणीचा. शिक्षणाचा इतिहासकार कायदे, समित्या आणि अहवाल वाचतो. इमारत त्याच्या लेखी केवळ पत्ता असते. या दोन वाटा एकत्र आणल्याशिवाय चर्चशाळा कळत नाही, असे माझे ठाम मत आहे. शाळेचा आराखडा हा शिकवण्याच्या पद्धतीचाच आराखडा असतो. खोलीची रुंदी, बाकांची दिशा, खिडकीची उंची, दारांची संख्या, या प्रत्येक ठिकाणी कोणीतरी मुलाविषयी काहीतरी ठरवून ठेवलेले असते. त्याने कुठे पाहावे, कोणाचे ऐकावे, कोणात मिसळू नये, हे त्यात आलेच. पद्धत बदलली की भिंत हलली. म्हणून या इमारतींचे मूळ रूप जितके महत्त्वाचे, तितक्याच महत्त्वाच्या आहेत त्यांच्यावर पुढे झालेल्या दुरुस्त्या, वाढवलेल्या खोल्या आणि बुजवलेल्या खिडक्या.

या साऱ्याची सुरुवात व्हिक्टोरियाच्या आधीची आहे. ऑक्टोबर १८११ मध्ये चर्च ऑफ इंग्लंडच्या पुढाकाराने नॅशनल सोसायटी स्थापन झाली. गरिबांच्या मुलांना प्रस्थापित चर्चच्या तत्त्वांनुसार शिक्षण देणे हे तिचे उघड सांगितलेले ध्येय होते, आणि प्रत्येक पॅरिशमध्ये, म्हणजे चर्चच्या प्रत्येक स्थानिक हद्दीत, एक शाळा हे तिचे स्वप्न. तिच्या शाळांना ‘नॅशनल स्कूल’ म्हणत; नाव राष्ट्राचे असले तरी शाळा चर्चची असे. चर्चबाहेरच्या पंथांची बाजू ब्रिटिश अँड फॉरेन स्कूल सोसायटी सांभाळत होती. तिची मुळे जोसेफ लँकेस्टर या क्वेकर शिक्षकाने १७९८ मध्ये लंडनच्या बरो रोड भागात काढलेल्या शाळेत होती. ज्या गावात पॅरिशची नॅशनल शाळा, त्याच गावात पलीकडच्या गल्लीत ब्रिटिश शाळा, हे दृश्य पुढे सर्रास दिसू लागले. १८३३ चे अनुदानही याच दोन संस्थांमार्फत वाटले गेले.

नॅशनल सोसायटीने जी अध्यापनपद्धत स्वीकारली तिला ‘मद्रास पद्धत’ असे नाव होते, आणि ते अगदी शब्दशः खरे होते. सेंट अँड्र्यूज गावी जन्मलेला अँड्र्यू बेल हा धर्मोपदेशक १७८७ मध्ये हिंदुस्थानात आला आणि १७८९ पासून मद्रासजवळच्या एग्मोर येथे सैनिकांच्या अनाथ मुलग्यांच्या शाळेचा प्रमुख झाला. एका देशी शाळेत मुले बोटाने वाळूत अक्षरे गिरवताना त्याने पाहिली. आपल्या शाळेतही तसे करावे, असे त्याने सुचवले. शिक्षकांनी ते जमणार नाही असे सांगितले. तेव्हा त्याने जॉन फ्रिस्किन नावाच्या आठ वर्षांच्या मुलाला खालच्या वर्गाला शिकवायला बसवले. प्रयोग यशस्वी झाला. मुलांनीच मुलांना शिकवावे, एका शिक्षकाने त्या छोट्या शिक्षकांवर देखरेख ठेवावी, या तत्त्वावर बेलने सारी शाळा उभी केली आणि १७९७ मध्ये लंडनमध्ये त्याविषयी पुस्तिका छापली.

मराठी वाचकाला यात नवल वाटणार नाही. आपल्याकडच्या पंतोजींच्या शाळेतही मुले धुळाक्षरांवर हात बसवत आणि मोठी मुले लहानांकडून उजळणी घोकून घेत. देशी शाळेतली ही रीत समुद्र ओलांडून गेली, तिला इंग्लंडमध्ये शिस्त आणि तक्ते मिळाले, आणि कारखान्यांच्या गावातल्या गरिबांच्या पोरांसाठी तीच पद्धत स्वस्त आणि सोयीची ठरली. मग ती परतही आली. १८१५ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या एज्युकेशन सोसायटीने आणि पुढे तिच्यातून निघालेल्या बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीने आपल्या शाळांत ही बाळगुरूंची पद्धत वापरली. इंग्लंडच्या चर्चशाळेच्या पायात आपल्याकडच्या वाळूचे काही कण आहेत, हे ध्यानात ठेवून पुढची प्रकरणे वाचावीत.

या पद्धतीने इमारतीला पहिला आकार दिला. एकच शिक्षक आणि शेकडो मुले असतील तर भिंती अडचणीच्या ठरतात, कारण शिक्षकाची नजर सगळीकडे पोचायला हवी. म्हणून शाळा म्हणजे एकच प्रशस्त खोली. बेलच्या मांडणीत मधली जमीन मोकळी राही. तिथे मुले चौकोन करून आपापल्या बाळगुरूसमोर उभी राहत, आणि लिहिण्याची मेजे भिंतीला लागून असत, म्हणजे लिहिताना तोंड भिंतीकडे. लँकेस्टरच्या मांडणीत याच्या उलट होते: बाकांच्या ओळी मधोमध, तोंडे शिक्षकाच्या चौथऱ्याकडे, आणि वाचनासाठी भिंतीकडेने अर्धवर्तुळे. दोघांची भांडणे धर्मावरून आणि पद्धत आधी कोणी शोधली यावरून गाजली, पण नुसती रिकामी खोली पाहूनही ती कोणत्या बाजूची, याचा अंदाज बांधता येत असे.

अगदी लहान मुलांचा प्रश्न वेगळा होता. सॅम्युएल वाइल्डरस्पिनने १८२० पासून लंडनच्या स्पिटलफील्ड्समध्ये बालशाळा चालवली आणि पायऱ्यापायऱ्यांची बैठक लोकप्रिय केली. तिला ‘गॅलरी’ म्हणत. एकावर एक चढत जाणाऱ्या त्या बैठकीत शंभर मुले बसली तरी प्रत्येकाला शिक्षिका दिसे आणि तिला प्रत्येक चेहरा दिसे. व्हिक्टोरियन चर्चशाळेत मोठ्या खोलीला चिकटून एक छोटी खोली आढळते, तिच्यात बहुधा अशी गॅलरी होती. पुढे ती काढून टाकली गेली तरी भिंतीवर तिरक्या रेषेत तिच्या खुणा राहिल्या.

१८३९ मध्ये शिक्षणासाठी प्रिव्ही कौन्सिलची समिती नेमली गेली आणि जेम्स के, म्हणजे पुढे के-शटलवर्थ या नावाने ओळखला गेलेला डॉक्टर, तिचा पहिला सचिव झाला. मँचेस्टरच्या गिरणी कामगारांच्या वस्तीतले रोग आणि दारिद्र्य त्याने जवळून पाहिले होते. समितीने निरीक्षक नेमले, शाळांचे नमुना आराखडे प्रसिद्ध केले आणि अनुदान हवे असेल तर आराखडा आधी दाखवा, असे सांगितले. चर्चशाळांचा निरीक्षक मात्र आर्चबिशपच्या संमतीनेच नेमायचा, ही चर्चची अट तिला मान्य करावी लागली. १८४६ पासून आठ-दहा वर्षांच्या बाळगुरूंच्या जागी तेराव्या वर्षापासून पाच वर्षे उमेदवारी करणारे शिकाऊ शिक्षक आले. लागलीच खोली बदलली. १८५१ च्या सरकारी टिपणाने सांगितले की, शाळेची खोली लांबट आणि अरुंद असावी, एका भिंतीला समांतर तीन ओळींत बाके असावीत, आणि गटागटांत पडदे लावावेत. प्रत्येक पडद्याआड एक शिकाऊ शिक्षक, आणि मोकळ्या पट्टीतून फेऱ्या घालणारा मुख्य शिक्षक. इंग्लंडमधल्या अनेक जुन्या शाळा इतक्या चिंचोळ्या का, या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. तो चिंचोळेपणा जागेच्या टंचाईतून आलेला नाही. त्या काळच्या वर्गरचनेने तो मागितला होता.

जमीन कुठून आली, हेही पाहिले पाहिजे. १८४१ च्या स्कूल साइट्स कायद्याने जमीनदाराला एक एकरपर्यंत जागा शाळेसाठी देण्याची मुभा दिली, आणि तिथली शाळा बंद पडली तर जमीन मूळ मालकाच्या घराण्याकडे परत जाईल, अशी तरतूद केली. त्यामुळे शाळा बहुतेकदा चर्च आणि जमीनदाराचा वाडा यांच्या परिघात उभी राहिली. जमीन एकाची, वर्गणी गावाची, अनुदान सरकारचे, देखरेख पाद्रीसाहेबांची, आणि शेजारीच शिक्षकाचे बिऱ्हाड, अशी ही जुळणी होती. मुलाला त्या एका आवारात गावातली सारी सत्ता भेटत असे. पाद्री शाळेत येऊन प्रश्नोत्तरी घेई, वाड्यातल्या बाईसाहेब मुलींचे शिवणकाम तपासत, आणि रविवारी हीच मुले रांगेने चर्चमध्ये जात.

ही शाळा गॉथिक का झाली? ऑगस्टस प्युजिनने १८३६ मध्ये ‘कॉन्ट्रास्ट्स’ प्रसिद्ध करून टोकदार कमानींची मध्ययुगीन शैली हीच ख्रिस्ती शैली असल्याचा आग्रह धरला. ऑक्सफर्डमध्ये १८३३ पासून चर्चच्या जुन्या परंपरेकडे वळणारी चळवळ सुरू झाली होती, आणि १८३९ मध्ये स्थापन झालेल्या केंब्रिज कॅमडेन सोसायटीने चर्च कसे बांधावे याचे काटेकोर नियम घालून दिले. या वातावरणात वाढलेल्या वास्तुकारांना शाळा ही चर्चची लेकच वाटत होती. हेन्री केंडॉलने १८४७ मध्ये पॅरिशच्या शाळा आणि शिक्षकांची घरे यांच्या आराखड्यांचे पुस्तक काढले, त्यावरून स्थानिक गवंड्यांनीही अशा शाळा उठवल्या.

गॉथिकचा एक व्यावहारिक गुण होता, त्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. ग्रीक-रोमन धाटणीच्या इमारतीत डावी बाजू उजवीसारखी दिसावी लागते. गॉथिकला तसे बंधन नाही. प्युजिनचे सांगणे होते की बाहेरचे रूप आतल्या गरजेतून यावे. मग मोठ्या खोलीला उंच छप्पर, बालवर्गाला ठेंगणे, शिक्षकाच्या घराला धुराडे आणि माडी, अशी प्रत्येक भागाची वेगळी ओळख बाहेरूनच कळते. पैसा मिळेल तशी एक खोली मागाहून जोडता येते आणि ती विद्रूप दिसत नाही. गावाच्या वर्गणीवर जगणाऱ्या शाळेला ही सोय फार मोलाची होती.

जॉर्ज एडमंड स्ट्रीट या वास्तुकाराने मेडनहेडजवळ बॉइन हिल येथे बांधलेला ऑल सेंट्स चर्चचा परिसर या विचाराचा उत्तम नमुना आहे. १८५४ मध्ये काम सुरू झाले, १८५७ मध्ये चर्चचा अभिषेक झाला. चर्च, पाद्रीचे घर, शाळा आणि शिक्षकाचे घर एकाच आवारात, एकाच लाल विटेत आणि तिच्यातून धावणाऱ्या दगडी पट्ट्यांत गुंफलेले आहेत. कोणतीही इमारत दुसरीपुढे तोरा मिरवत नाही, आणि तरी चर्चचे स्थान पहिले हे चटकन कळते. विल्यम बटरफिल्डने त्याच दशकात यॉर्कशरमध्ये बाल्डर्सबी सेंट जेम्स येथे व्हायकाउंट डाउन यांच्यासाठी चर्च, शाळा, पाद्रीचे घर आणि मजुरांच्या घरांसह पूर्ण गावच रचले. त्या काळचे अव्वल वास्तुकार शेतमजुराच्या मुलाच्या शाळेसाठी जीव ओतून आराखडे काढत होते, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. गरिबाच्या पोराला गोठ्यात किंवा पडवीत बसवून भागते, असे मानणाऱ्या समाजात हे घडले.

आता अशा शाळेच्या आत जाऊ. दारे दोन किंवा तीन. वरच्या दगडावर मुलगे, मुली, बालवर्ग असे कोरलेले. खिडक्यांचा उंबरठा मुलाच्या डोक्याच्या वर, म्हणजे उजेड यावा पण लक्ष रस्त्याकडे जाऊ नये. वर उघडी लाकडी कैची. तिच्यामुळे खोली देखणी दिसे आणि हिवाळ्यात गारठून जाई. एका टोकाच्या शेगडीची ऊब दुसऱ्या टोकाला पोचत नसे. कमानीतल्या अरुंद खिडक्यांतून उजेडही अपुरा मिळे. कित्येक ठिकाणी पुढच्या पिढीने छपरात नव्या खिडक्या पाडल्या किंवा उंबरठे खाली आणले, त्यामागे हेच कारण आहे. १८७१ च्या नियमाने अनुदानासाठी दर मुलामागे आठ चौरस फूट जागा आणि ऐंशी घनफूट हवा ठरवली. आठ चौरस फूट म्हणजे जेमतेम एक सतरंजी अंथरण्याइतकी जागा. तीही तोवर अनेकांना मिळत नव्हती.

आवाराच्या टोकाला शौचकूप. त्याचा इतिहासही चर्चशी जोडलेला आहे. डॉर्चेस्टरलगतच्या फोर्डिंग्टनचे पाद्री हेन्री मूल यांनी १८५४ च्या कॉलऱ्याच्या साथीत आपल्या पॅरिशमधली घाण आणि मृत्यू पाहिले, आणि कोरड्या मातीने मैला झाकणाऱ्या शौचकुपाचे पेटंट १८६० मध्ये घेतले. नळ नसलेल्या खेड्यांतल्या शाळांना त्याचा मोठा उपयोग झाला. शाळेच्या वास्तूचा इतिहास लिहिताना कमानीइतकेच या कोपऱ्यालाही पान द्यावे लागते, कारण मुलांची हजेरी आणि आरोग्य तिथेही ठरत होते.

याच मूल कुटुंबातला होरेस मूल हा कादंबरीकार टॉमस हार्डीचा जिवलग मित्र, आणि हार्डीच्या बालपणाइतके चर्चशाळेचे दुहेरी रूप सांगणारे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही. डॉर्सेटमधल्या लोअर बॉकहॅम्प्टन येथे ज्युलिया ऑगस्टा मार्टिन या जमीनदारीणबाईंनी नॅशनल शाळा बांधली. १८४८ मध्ये ती उघडली तेव्हा आठ वर्षांचा हार्डी तिच्यात पाऊल टाकणारा पहिला विद्यार्थी होता. गवंड्याचा हा मुलगा बाईंचा लाडका होता. साधारण वर्षभराने त्याच्या आईने त्याला डॉर्चेस्टरच्या ब्रिटिश शाळेत, म्हणजे चर्चबाहेरच्या पंथांच्या शाळेत घातले, तेव्हा बाई दुखावल्या. शाळा मायेने दिलेली होती, पण ती सोडून दुसरीकडे जाण्याचा हक्क मायेत गृहीत धरलेला नव्हता. हार्डी पुढे चर्चच्या इमारती दुरुस्त करणाऱ्या वास्तुकाराकडे उमेदवार राहिला. त्याच्या बहिणी सॉल्सबरीच्या चर्चच्या अध्यापक विद्यालयात शिकून शिक्षिका झाल्या. ‘ज्यूड द ऑब्स्क्युअर’ या त्याच्या कादंबरीतले शिक्षक आणि शिक्षिका, त्यांची घुसमट आणि नोकरी गमावण्याची भीती, हे सारे त्याने घरातून आणि भिंतींच्या आतून पाहिलेले होते.

१८६२ मध्ये सरकारात शिक्षणाची जबाबदारी सांभाळणाऱ्या रॉबर्ट लो यांनी सुधारित नियमावली आणली आणि शाळेचे अनुदान मुलांच्या परीक्षेला जखडले. सरासरी हजेरीतल्या दर मुलामागे चार शिलिंग, आणि वाचन, लेखन, गणित या प्रत्येकात उत्तीर्ण झाल्यास दोन शिलिंग आठ पेन्स. मूल एका विषयात नापास झाले की तेवढी रक्कम गेली. निरीक्षक म्हणून आयुष्य घालवणारे कवी मॅथ्यू अर्नल्ड यांनी या व्यवस्थेला कडाडून विरोध केला. तिच्यामुळे शाळा यांत्रिक झाल्या, घोकंपट्टी वाढली. मात्र याच नियमावलीने मुख्य शिक्षकाला रोजनामा ठेवणे बंधनकारक केले, आणि इतिहासाला अमोल साधन मिळाले. कापणीच्या दिवसांत ओस पडलेले वर्ग, गोवराची साथ, दौतीत गोठलेली शाई, गळके छप्पर, पायात जोडे नाहीत म्हणून न आलेली मुले, अशा नोंदी त्या वह्यांत आढळतात. आराखड्यात शाळा कशी असावी हे कळते. रोजनाम्यात ती कशी होती हे कळते.

१८७० च्या फॉर्स्टर कायद्याने चित्र बदलले. जिथे शाळा अपुऱ्या असतील तिथे लोकनियुक्त स्कूल बोर्डाने करातून शाळा बांधाव्यात, असे ठरले. चर्चला बांधकाम अनुदानाचे अर्ज करण्यासाठी वर्षअखेरपर्यंत मुदत होती, आणि पॅरिशांनी अर्जांचा पाऊस पाडला. आज दिसणाऱ्या अनेक चर्चशाळांच्या दर्शनी दगडावर सत्तरच्या दशकाच्या आरंभीचे साल आढळते, त्यामागे ही धांदल आहे. लंडन बोर्डाचे वास्तुकार ई. आर. रॉबसन यांनी १८७४ च्या ‘स्कूल आर्किटेक्चर’ या ग्रंथात शाळेने चर्चसारखे दिसू नये, तिचे रूप नागरी असावे, अशी बाजू मांडली. त्यांच्या शाळा उंच, विटांच्या, मोठ्या पांढऱ्या चौकटींच्या खिडक्यांच्या, आणि आत स्वतंत्र वर्गखोल्यांच्या होत्या. त्यांच्याशेजारी चर्चशाळा अंधाऱ्या आणि जुनाट दिसू लागल्या. १८८० मध्ये दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना शाळा सक्तीची झाली, १८९१ मध्ये बहुतेक ठिकाणी फी गेली, वर्ग भरून वाहू लागले. १८९३ मध्ये आर्थर अकलंड यांच्या शिक्षणखात्याने देशभरातल्या शाळांच्या इमारती तपासायला घेतल्या, आणि वर्गणीवर जगणाऱ्या चर्चशाळांची दमछाक झाली. १९०२ च्या कायद्याने त्यांचा चालू खर्च स्थानिक शासनाने उचलला, तेव्हा कुठे त्या तरल्या. आज इंग्लंडमध्ये चर्च ऑफ इंग्लंडच्या साडेचार हजारांहून अधिक शाळा आहेत. त्यांतल्या कित्येक अजूनही व्हिक्टोरियन भिंतींत भरतात.

मराठी माणसाने या विषयात रस का घ्यावा, याचे उत्तर मद्रास पद्धतीपुरते संपत नाही. स्ट्रीटने १८५० मध्ये वॉन्टेज या गावी आपले कार्यालय थाटले. तिथले पाद्री विल्यम जॉन बटलर यांनी १८४८ मध्ये सेंट मेरी द व्हर्जिन हा भगिनीसंघ स्थापन केला होता. शिकवणे हे त्याचे मुख्य काम. या भगिनी १८७७ मध्ये पुण्यात आल्या, सेंट मेरीज शाळेत आणि पुढे पंचहौदच्या मिशनमध्ये त्यांनी काम केले. १८९० सालचे चहा प्रकरण ज्या मिशनच्या आवारात घडले आणि ज्याने टिळक-रानड्यांना ग्रामण्याला तोंड द्यायला लावले, तेच हे पंचहौद. १८८३ मध्ये पंडिता रमाबाई इंग्लंडला गेल्या त्या याच भगिनींच्या आश्रयाने, आणि वॉन्टेजलाच त्यांचा बाप्तिस्मा झाला. याच संघाच्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात रमाबाईंनी धर्मगुरूंच्या अधिकारापुढे स्वतःच्या सदसद्विवेकाची बाजू विलक्षण ताठपणे मांडली. शिक्षण देणाऱ्याचे उपकार मानायचे, आणि तरीही त्याला आपले मन गहाण द्यायचे नाही, हा पेच हार्डीच्या घरात होता तसा रमाबाईंपुढेही होता. मुंबईकरांसाठी आणखी एक धागा: १८५८ मध्ये अभिषेक झालेल्या कुलाब्याच्या अफगाण चर्चमधली वेदीमागची सजावट आणि फरशा बटरफिल्डच्या आहेत. बाल्डर्सबीची शाळा रचणाऱ्या माणसाची नजर कशी होती, हे पाहायला यॉर्कशर गाठण्याची गरज नाही.

या शाळांना सरसकट दया म्हणता येत नाही आणि सरसकट दडपणही म्हणता येत नाही. पिढ्यान्‌पिढ्या निरक्षर राहिलेल्या घरांतली मुले इथे वाचायला शिकली, हे खरे. त्यांना आपली पायरी ओळखून राहायलाही इथेच शिकवले गेले, हेही खरे. एकाच दगडात दोन्ही हेतू बसवलेले आहेत. पुढील प्रकरणांत मी प्रत्येक इमारत याच दृष्टीने वाचली आहे: पैसा कोणाचा, जमीन कोणाची, पद्धत कोणती, आणि मुलांनी किंवा शिक्षकांनी त्या चौकटीत स्वतःसाठी जागा कशी काढली.

गेल्या काही दशकांत अशा अनेक शाळा बंद पडून घरे, सभागृहे आणि उपाहारगृहे झाल्या. वापर चालू राहिला तर इमारत जगते, म्हणून त्याला माझा विरोध नाही. पण उंच खोलीत मजला टाकला, गटांतले अंतर सांगणाऱ्या खुणा गिलाव्याखाली गेल्या, मुलामुलींच्या वेगळ्या दारांपैकी एक बुजले, की इमारतीचे बोलणे बंद होते. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या व्हिक्टोरियन सोसायटीसारख्या संस्थांनी या वास्तूंच्या नोंदी आणि जतनासाठी मोठे काम केले आहे. बदल करण्याआधी मोजमापे घ्यावीत, छायाचित्रे काढावीत, रोजनामे अभिलेखागारात पोचवावेत, एवढे तरी प्रत्येक गावाला जमण्यासारखे आहे.

तेच आपल्यालाही जमण्यासारखे आहे, आणि हे पुस्तक मराठीत लिहिण्यामागे माझी ही इच्छा आहे. मिशनच्या, संस्थानिकांच्या, नगरपालिकांच्या आणि लोकलबोर्डाच्या जुन्या शाळा महाराष्ट्रात ठिकठिकाणी आहेत, आणि त्या वेगाने पाडल्या जात आहेत. वाचकाने ही प्रकरणे वाचून झाल्यावर आपल्या गावच्या जुन्या शाळेत जावे, जमीन कोणी दिली ते दप्तरात पाहावे, खोल्या मोजाव्यात, खिडक्यांची उंची टिपावी, कोणाला कुठे बसवत होते ते गावातल्या वृद्धांना विचारावे, आणि कोणाला आत येऊ दिले जात नव्हते तेही विचारावे. माहिती देणारी माणसे आज हयात आहेत आणि भिंती उभ्या आहेत. हे काम आताच करायला हवे, आणि त्यासाठी तज्ज्ञ असावे लागत नाही.